तळ्याचा काठ कोणाचा?

(रेडिओवरील भाषण)

 

आज पाण्याबद्दल बोलायचे आहे, पण नळाच्या किंवा पाटाच्या पाण्याबद्दल नाही. तळ्याच्या काठाबद्दल बोलू या. धरण म्हटले की आपण भिंत पाहतो, दरवाजे मोजतो, किती टक्के भरले ते विचारतो. काठाकडे कोणी बघत नाही. तिथे चिखल असतो, लव्हाळा असतो, म्हशी बसलेल्या असतात. पण तळ्याचा जीव असतो तो याच काठात. हा काठ सांभाळण्यासाठी आपल्या खानदेशात आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात साधी माणसे पगाराशिवाय काम करतात. ती नेमके काय करतात आणि आपल्या गटाला त्यातले काय जमेल, हे आज समजून घेऊ.

पांझरा नदी आपल्या तालुक्याच्या पश्चिमेच्या डोंगरात उगम पावते आणि पिंपळनेर, साक्री, धुळे करत पुढे तापीला मिळते. पिंपळनेरजवळ तिच्यावर लाटीपाडा धरण आहे. कान नदीवर मालनगाव आहे, जामखेली नदीवर जामखेली धरण आहे. म्हणजे आपल्याकडे तळी आहेत आणि काठही आहेत. त्या काठांना वाली कोण, हा प्रश्न आहे.

काठ म्हणजे काय?

पावसाळ्यात धरण भरते. दिवाळीनंतर पाणी पाटाला सुटते आणि तळे हळूहळू मागे सरकते. पाणी मागे गेले की ओला, मऊ गाळ उघडा पडतो. या गाळात किडे, अळ्या, गोगलगायी, शिंपल्या असतात. उथळ पाण्यात पाणवनस्पती वाढतात, त्यांच्या मुळांशी माशांची पिल्ले लपतात. मोठा मासा तिथपर्यंत येऊ शकत नाही, म्हणून ती जगतात. उद्या जो मासा भोई आणि भिल्ल बहिणींच्या टोपलीत येणार असतो, तो आधी काठावरच्या गवतात वाढलेला असतो.

याच उथळ पाण्यावर पक्षी येतात. लग्नाच्या पंगतीत जशी ज्याची त्याची जागा ठरलेली असते, तशीच इथेही असते. टिटवी आणि धोबी कोरड्या-ओल्या कडेला. लांब लाल पायांचा शेकाट्या गुडघाभर पाण्यात. त्याच्या पुढे बगळे आणि चित्रबलाक. आणखी खोल पाण्यात बदके, आणि अगदी मधे बुडी मारणारा पाणकावळा. पाय किती लांब आणि चोच कशी, यावर कोण कुठे जेवणार हे ठरते. पाणी एकदम खोल झाले किंवा काठ सरळ भिंतीसारखा तोडला, तर पंगतीतली निम्मी पाने उचलल्यासारखे होते.

काही पक्षी तुम्ही रोज पाहता, नावे फक्त ठाऊक नसतात. चोचीच्या टोकाला पिवळा रंग आणि कपाळाशी दोन लाल ठिपके असलेले बदक दिसले, तर ते हळदीकुंकू बदक. नाव ठेवणाऱ्याने बायकांचाच विचार केला असावा. काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, थव्याने पोहणारा, तो वारकरी. कमळाच्या पानांवरून चालणारा, लांब बोटांचा, तो कमळपक्षी. या कमळपक्ष्यांच्या घरची रीत ऐकण्यासारखी आहे. मादी अंडी घालते आणि पुढे जाते. अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे हे सगळे नर करतो.

हे झाले आपल्याकडचे. हिवाळ्यात पाहुणेही येतात. चक्रवाक बदके लडाख आणि तिबेटकडून येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असणारा पट्टकादंब हंस मंगोलिया-तिबेटकडून निघून हिमालय ओलांडून येतो. थापट्या, तलवार बदक, कांड्या करकोचा हे सगळे थंडीत बर्फाने गोठलेल्या मुलखातून आपल्या उघड्या गाळावर पोट भरायला येतात आणि उन्हे तापू लागली की परत जातात. हजारो किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या पक्ष्याला इथे उतरल्यावर काठ कोरडा, विषारी किंवा जाळ्यांनी भरलेला मिळाला, तर त्याला दुसरीकडे जाण्याची ताकद उरलेली नसते.

गाळाने घडवलेली दोन तळी

आता दोन जागांची माहिती सांगतो. दोन्ही माणसाने बांधलेल्या आहेत, आणि दोन्हीकडे गाळाने नवी दुनिया उभी केली.

पहिली जागा आपल्या खानदेशातली. जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापी आणि पूर्णा या नद्यांचा संगम आहे. मुक्ताबाईच्या दर्शनाला गेलेल्या बहिणींनी तो पाहिला असेल. संगमाच्या थोडे खाली, भुसावळ तालुक्यात, तापीवर हतनूर धरण आहे. त्याला ४१ दरवाजे आहेत, पावसाळ्यात बातम्यांत ते ऐकू येतात. पूर्णा वऱ्हाडच्या काळ्या मातीतून येते आणि येताना भरपूर गाळ आणते. तो गाळ धरणात साचत गेला. इंजिनिअरच्या दृष्टीने हे नुकसानच आहे, कारण पाणी कमी मावते. पण त्याच गाळाने संगमाच्या परिसरात उथळ पाणी, बेटे आणि दलदल तयार झाली, आणि पक्षी येऊ लागले. पक्ष्यांसाठी महत्त्वाच्या भारतातल्या जागांची यादी पक्षी-अभ्यासकांनी केली आहे, त्यात हतनूरचे नाव आहे.

हतनूरजवळच वरणगाव आहे. तिथल्या चातक निसर्ग संवर्धन संस्थेचे कार्यकर्ते या जलाशयावर लक्ष ठेवतात. ही माणसे नोकरी, शेती, दुकान सांभाळून पहाटे दुर्बीण घेऊन काठावर जातात, पक्षी मोजतात, नोंद ठेवतात आणि गावातल्या लोकांशी बोलतात.

दुसरी जागा नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर इंग्रजांच्या काळात, सुमारे शंभर वर्षांपूर्वी, नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा बांधला. शंभर वर्षांत गाळ साठून तिथेही बेटे आणि दलदल झाली. १९८६ मध्ये सरकारने ते अभयारण्य जाहीर केले. लोक त्याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात. २०१९ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, तो महाराष्ट्रात सर्वांत पहिला.

रामसर हे इराणमधल्या एका गावाचे नाव. तिथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी अनेक देशांनी मिळून पाणथळ जागा सांभाळण्याचा करार केला. भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. म्हणून २ फेब्रुवारी हा दिवस जगभर पाणथळ दिन म्हणून पाळला जातो. नांदूर मध्यमेश्वरच्या काठच्या चापडगावात गावातलीच मुले पर्यटकांना पक्षी दाखवण्याचे काम करतात आणि त्यातून कमावतात. म्हणजे पक्षी राहिले तर गावाच्या पदरातही काही पडते, हे तिथे दिसून आले आहे. आम्हाला वाटते, असे काम मुलांनीच का करावे? काठावरचे पक्षी रोज पाहणाऱ्या मुली आणि सुनासुद्धा उत्तम दाखवतील.

पक्षी मोजून काय होते?

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. पक्षी मोजून पोट भरते का?

घरातल्या पिठाच्या डब्याचा विचार करा. डब्यात किती पीठ आहे हे ज्या बाईला ठाऊक असते, तिलाच कळते की यंदा लवकर संपतेय. ज्या घरात कोणी बघतच नाही, तिथे संध्याकाळी एकदम डबा रिकामा सापडतो. पक्ष्यांची मोजणी म्हणजे तळ्याच्या डब्यात हात घालून बघणे. मासे खाणारे पक्षी कमी झाले तर मासे कमी झाले असतील. एखादे वर्षी बदके एकदम आली नाहीत तर पाण्यात, गाळात किंवा काठावर काही बिघडले असेल. पाणी दिसायला तसेच असते, पक्षी आधी सांगतात.

आशिया खंडात दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. ती १९८७ पासून चालू आहे आणि जवळजवळ सगळे काम स्वयंसेवक करतात. मोजण्याची पद्धत अवघड नाही, चौथी शिकलेल्या बाईलाही जमेल.

सकाळी लवकर जायचे. सूर्य पाठीशी ठेवायचा, म्हणजे रंग दिसतात. लाल, पिवळी भडक ओढणी टाळायची. दोघी जणी असाव्यात, एकीने पाहायचे आणि एकीने लिहायचे. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजायचे, दहा पक्षी किती जागा घेतात ते डोळ्यात बसवायचे, आणि मग असे किती दहा-दहाचे गट आहेत ते पाहायचे. नाव ठाऊक नसेल तर अंदाजाने नाव ठोकायचे नाही. चोच, पाय, रंग लिहून ठेवायचे. काहीच दिसले नाही तर शून्य लिहायचे. शून्यसुद्धा माहिती असते. दरवर्षी त्याच जागी, त्याच सुमारास मोजायचे, नाहीतर यंदाची तुलना गेल्या वर्षाशी करता येत नाही. मुलीच्या मोबाईलवर ईबर्ड नावाचे ॲप घेता येते, त्यात टाकलेली नोंद शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचते. पण वहीसुद्धा पुरेशी आहे. वही सांभाळून ठेवली पाहिजे, एवढेच.

कोणापासून सांभाळायचे?

इथे आपल्याला सावधपणे बोलावे लागते. कारण "तळे वाचवा" म्हटले की पहिली काठी गरिबावर पडते. जाळे टाकणारा भोई, काठावर टरबूज-काकडी लावणारी भूमिहीन बाई, म्हशी धुणारा पोरगा, कपडे धुणाऱ्या आपण स्वतः. ज्यांची जमीन धरणात गेली, त्यांनाच आता काठावरून हुसकून लावायचे का? हा प्रश्न मनात आला नाही तर आपण संवर्धनाच्या नावाखाली अन्याय करू.

म्हणून आधी नीट पाहू, काठाला खरी इजा कशाने होते.

पहिली गोष्ट विष. धान्यात किंवा मेलेल्या माशात कीटकनाशक कालवून पक्षी मारायचे आणि खायचे किंवा विकायचे, असे प्रकार होतात. तो पक्षी जो खाईल त्याच्या पोटातही तेच विष जाते, आणि ते पाणी जनावर पिते. पक्षी विषाने किंवा जाळ्याने मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट गाळपेरीवरची फवारणी. पाणी मागे सरले की उघड्या गाळात पीक घेतात, त्याला आपण गाळपेर म्हणतो. पाटबंधारे खाते त्यासाठी जमीन भाड्याने देते, अनेक कुटुंबांचा उन्हाळा त्यावर निघतो. गाळ मुळात सुपीक असतो, खत कमी लागते. अडचण येते ती पाण्याच्या अगदी कडेपर्यंत केलेल्या जोरदार फवारणीने. पंप तळ्यात धुतला, रिकामी बाटली काठावर टाकली की विष सरळ पाण्यात. गाळपेर बंद करायची गरज नाही. पाण्यापासून काही पावले सोडून पेरणी, पंप शेतात धुणे, बाटल्या परत नेणे, एवढ्याने खूप फरक पडतो.

तिसरी गोष्ट जुनी, तुटलेली नायलॉनची जाळी. फाटलेले जाळे काठावर टाकले की ते वर्षानुवर्षे कुजत नाही. त्यात बदके आणि कासवे अडकून मरतात. जाळी गोळा करणे हे स्वयंसेवकांच्या कामांत अगदी साधे आणि अगदी उपयोगी काम आहे.

चौथी गोष्ट बाहेरून आलेल्या वनस्पती आणि मासे. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली आहे. तिचा गालिचा पसरला की पाण्यात ऊन आणि हवा जात नाही, मासे गुदमरतात. काठावरची जांभळ्या फुलांची बेशरम तर तुम्ही ओळखताच. ती गवताची जागा खाते आणि जनावर तिला तोंड लावत नाही. थाई मांगूर नावाचा मासा तळ्यात सोडायला आपल्या देशात बंदी आहे, कारण तो बाकीच्या माशांची पिल्ले खाऊन टाकतो.

पाचवी गोष्ट आपल्याच घरातली: निर्माल्य, प्लॅस्टिकची पिशवी, रंगीत मूर्ती, डिटर्जंटची पुडी. श्रावणात आपण कानबाईला वाजतगाजत पाण्यावर नेतो. तिच्याबरोबर फुले जातील, पण थर्माकोलची मखर आणि चमकीच्या झालरी जायलाच हव्यात का? याचा निर्णय घेण्यासाठी कोणत्याही खात्याची परवानगी लागत नाही, गल्लीतल्या बायकांचे एकमत लागते.

मैत्रिणींनो, या यादीत पाहा. भोई बहिणीचे टोपलीभर मासे या यादीत नाहीत. म्हशी पाण्यात बसणेही नाही. विष, टाकलेले जाळे, प्लॅस्टिक, बाहेरची झाडे, हे आहे. या सगळ्यावर उपाय करण्यासाठी कोणाला हाकलावे लागत नाही.

नियम कोणी करायचे?

याचे उत्तर आपल्याच साक्री तालुक्यात आहे. बारीपाडा हे कोकणी आदिवासींचे छोटे गाव. तिथे तळे नाही, डोंगर आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो डोंगर उघडाबोडका झाला होता, आणि पाण्यासाठी बायकांना लांब जावे लागे. गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने समिती केली आणि स्वतःच नियम केले. कुऱ्हाड कधी चालणार, जनावरे कुठे चरणार नाहीत, नियम मोडला तर दंड किती, पहारा कोण देणार, हे गावाने ठरवले. डोंगरावर चर खोदले, नाल्यांवर छोटे बंधारे घातले. आज सुमारे चारशे हेक्टर जंगल उभे आहे. आता पाणी टिकते आणि रानभाज्या उगवतात. त्या रानभाज्यांची ओळख जपण्यासाठी तिथे वनभाजी महोत्सव होतो, त्यात बायका रानातल्या भाज्या शिजवून आणतात. २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली.

बारीपाड्यापासून शिकायचे ते हे: तिथे जंगल वापरणाऱ्यांनीच नियम केले, म्हणून ते पाळले गेले. आणि नियमाचा फायदा पहिल्यांदा डोक्यावरून हंडा आणणाऱ्या बाईला झाला.

आपल्या मागच्या पिढ्यांनाही हे ठाऊक होते. पांझरेवर कित्येक शतके फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे, पाणी कोणाला कधी, हे शेतकरी मिळून ठरवत. पाणी वाटायला पाटकरी, पिकावर लक्ष ठेवायला जागल्या. पाट साफ करायला घराघरातून माणूस यायचा. वरच्या बंधाऱ्याने सगळे पाणी अडवले तर खालचा कोरडा राहतो, ही समज त्या पद्धतीत होती. तळ्याचा काठ हाही असाच एक फड आहे असे समजा. त्यात माशांचा, पक्ष्यांचा, जनावरांचा आणि माणसांचा वाटा आहे. वाटे ठरवून घेतले तर भांडण होत नाही.

कायदा काय सांगतो?

पाणथळ जागांसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. जाहीर झालेल्या पाणथळ जागेत अतिक्रमण, कचरा टाकणे, सांडपाणी सोडणे याला मनाई आहे. पण यातली एक अडचण समजून घ्या. केवळ सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या तळ्यांना हे नियम लागू होत नाहीत. म्हणजे आपल्या भागातली बहुतेक धरणे यातून सुटतात. नांदूर मध्यमेश्वरला अभयारण्याचा आधार आहे. साध्या धरणाच्या काठाला असा आधार नाही. म्हणूनच तिथे गावाची नजर सगळ्यांत मोलाची ठरते.

मग आपल्या हातात काय आहे? २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्यात किमान एक-तृतीयांश महिला हव्यात. या समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते: गावात कोणती झाडे, मासे, पक्षी, औषधी, त्यांचा वापर कोण करते. अनेक गावांत ही समिती कागदावरच असते. पुढच्या ग्रामसभेत उठून विचारा, आपल्या गावची समिती कोणती, तिच्यात कोण महिला आहेत, नोंदवही दाखवा. ती वही कोणी बाहेरच्याने घाईत भरली असेल, तर आपली पक्ष्यांची वही तिच्याशेजारी ठेवा. दोन्हीतला फरक लगेच दिसेल.

शिकार, विष किंवा जखमी वन्यप्राणी दिसला तर वन विभागाचा १९२६ हा मोफत क्रमांक आहे. फोन करा, जागा सांगा, लांबूनच दिसले ते सांगा. एकटीने कोणाला अडवायला जाऊ नका.

गटाचे बारा महिने

आता कामाचे बोलू. गटाने एक तळे निवडायचे, घरापासून चालत जाता येईल असे. पाझर तलाव असला तरी चालेल.

ज्येष्ठ-आषाढात पहिल्या पावसात मासे अंडी घालायला वरच्या ओढ्यांकडे चढतात. चढणीचे मासे पकडायला सगळे धावतात. भोई आणि भिल्ल बहिणींशी बसून ठरवा, किमान एक-दोन ओढे त्या दिवसांत मोकळे ठेवायचे. हे त्यांच्याच पुढच्या वर्षीच्या टोपलीसाठी आहे, आणि ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

श्रावण-भाद्रपदात कानबाई, गणपती आणि गुलाबाई. काठावर निर्माल्यासाठी एक खड्डा किंवा पिंप ठेवा. मातीची मूर्ती, घरच्या फुलांची आरास. निर्माल्याचे खत करून परसातल्या भाजीला द्या.

आश्विन-कार्तिकात पाहुणे पक्षी यायला लागतात. दिवाळीनंतर एक दिवस काठ साफ करा. जुनी जाळी, प्लॅस्टिक, बाटल्या गोळा करा. बेशरम मुळासकट उपटा, कापून टाकली तर फांदीतून पुन्हा रुजते. लव्हाळा आणि पाणकणीस मात्र काढू नका, ते तळ्याचे गाळणे आहे, वरून आलेला गाळ आणि घाण तिथे अडते.

मार्गशीर्ष-पौषात मोजणी. जानेवारीत एक सकाळ ठरवा. शाळेतल्या मुलींना बरोबर घ्या. लिहायला त्या आणि नावे सांगायला गावातली म्हातारी माणसे, अशी जोडी छान जमते.

माघ-फाल्गुनात गाळपेर करणाऱ्या बहिणींबरोबर फवारणीची बैठक. २ फेब्रुवारीला गावात पाणथळ दिन पाळा आणि आपल्या वहीतल्या नोंदी ग्रामपंचायतीत वाचून दाखवा.

चैत्र-वैशाखात पाणी आटून बेटे उघडी पडतात. टिटवी, नदीवरचे सुरय असे पक्षी उघड्या रेतीवर किंवा गाळावर अंडी घालतात, घरटे असे काही नसते. अंडी मातीच्याच रंगाची असतात, पाय पडला तरी कळत नाही. बेटावर कुत्री आणि जनावरे जाऊ न देणे, तेवढ्या दोन महिन्यांपुरते, हे गुराख्यांशी बोलून जमते. याच दिवसांत गाळ काढण्याचे कामही चालते. गाळ शेतात गेला तर चांगलेच आहे. पण मूळ तळाच्या खाली खणू नये, काठ तिरपा ठेवावा, आणि घरट्यांचे बेट तेवढे सोडावे. तलावाचा गाळ काढायला मशीन येण्याआधी ही तीन वाक्ये सरपंचांना सांगायला विसरू नका.

एवढ्या कामाला पैसा फारसा लागत नाही. एक दुर्बीण गटाने वर्गणीतून घ्यावी, तीही शक्य असेल तर. त्याआधी एक वही, दोन पेन आणि वर्षातून सहा सकाळी पुरतात. लागते ती चिकाटी. हतनूरला किंवा नांदूर मध्यमेश्वरला जे काम उभे राहिले, ते एका दिवसाच्या झाडू मोहिमेने उभे राहिलेले नाही. कोणीतरी पुन्हा पुन्हा, थंडीत, त्याच काठावर गेले, म्हणून तिथे काय आहे हे आज आपल्याला सांगता येते.

शेवटी, या महिन्याच्या बैठकीसाठी चार प्रश्न देतो. गटात बसून बोला आणि वहीत उत्तरे लिहा.

तुमच्या गावाजवळचे कोणते तळे निवडाल? त्या काठावर पोट कोणाचे चालते, आणि त्यातल्या किती बायका तुमच्या गटात आहेत? दहा-वीस वर्षांपूर्वी तिथे दिसणारा कोणता मासा, पक्षी किंवा भाजी आता दिसत नाही, हे तुमच्या सासूबाईंना किंवा आजीला विचारून आलात का? आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर पहिला नियम कोणता कराल?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर "एकही नाही" असे आले, तर साफसफाईपासून सुरुवात करू नका. आधी त्या बहिणींच्या घरी जा, चहा प्या आणि त्यांना गटात बोलवा. काठाचे नियम त्यांच्याशिवाय केले तर ते टिकणार नाहीत, आणि टिकू नयेतच.

तुमची उत्तरे आम्हाला कळवा, पुढच्या भाषणात त्यांवर बोलू. तोपर्यंत सगळ्यांना राम राम.